एक बघणारं माणूस

इंदापूरच्या भीमाई टॉकीजचे मॅनेजर हिंदुराव यांच्या नावानं टपाल यायचं ते तीनच प्रकारचं. विजेचं बिल, करमणूक कराच्या कचेरीचा कागद, आणि बारामतीच्या एजंटाचं दोन ओळींचं पत्र, की सिनेमाची पेटी अमुक एसटीच्या टपावर टाकली आहे, उतरवून घ्यावी. त्यामुळं १९९५ च्या श्रावणात पोस्टमननं एका बुधवारी खिडकीतून साधं पोस्टकार्ड आत सरकवलं, तेव्हा हिंदुरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं. चुकून आलं असावं, असं त्यांना वाटलं. पण पत्ता बरोबर होता. कार्डावर निळ्या शाईत, जागा वाया न घालवता लिहिलं होतं:

"मॅनेजरसाहेबांस नमस्कार. तुमच्याकडे लागलेला सिनेमा रविवारी पाहिला. नायक धनगर दाखवला आहे. त्याच्या खांद्यावरचं कोकरू गाण्याच्या पहिल्या कडव्यात काळ्या कानाचं आहे आणि दुसऱ्या कडव्यात पांढऱ्या कानाचं. कोकरू बदललं, हरकत नाही, माणसांना कळणार नाही. पण मेंढीला कळतं. ती मागं उभी आहे आणि गुमान चरती आहे. ती ओरडायला पाहिजे होती. बाकी सिनेमा बरा आहे. बाई चांगली रडते. आपलं, एक बघणारं माणूस."

हिंदुरावांना हसू आलं. त्यांनी कार्ड टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि विसरून गेले. पण तीनच्या खेळाला गाण्याचे सूर बाहेर आले, तसे ते उठले आणि पडदा बाजूला करून अंधारात उभे राहिले. पहिलं कडवं. कान काळे. दुसरं कडवं. कान पांढरे. मागं मेंढी खाली मान घालून चरत होती.

ते तसेच उभे राहिले. सोळा वर्षं ते या टॉकीजमध्ये होते. हलवायाच्या पोराला पेढ्याचं जेवढं अप्रूप, तेवढंच त्यांना सिनेमाचं. खुर्च्या किती भरल्या हे बघायला ते आत डोकवायचे, पडद्याकडं पाठ करून. कोकराचे कान सोडा, गेल्या कित्येक सिनेमांची गोष्टसुद्धा त्यांना धड सांगता आली नसती.

पुढच्या बुधवारी दुसरं कार्ड आलं. त्या आठवड्यात एका बड्या घराण्याचा सिनेमा लागला होता, जिने, झुंबरं, लग्न वगैरे.

"एवढं मोठं घर, एवढी माणसं, पण चूल कुठं दिसली नाही. पंगतीला कुणी हात धुतले नाहीत. आई मुलासाठी जीव टाकते असं गाण्यात म्हणतात, पण तो जेवला का हे ती तीन तासांत एकदाही विचारत नाही. अशी आई असू शकते. पण मग गाणं दुसरं पाहिजे."

तिसऱ्या बुधवारी तर हिंदुराव पोस्टमनची वाट बघत बाहेरच उभे होते.

"या सिनेमातला वाईट माणूस दुपारचा एकटाच गच्चीवर बसून पेरू खातो. तेवढ्या वेळापुरता तो खरा वाटला. पेरू खाणारा माणूस मग लोकांची घरं का जाळतो, हे विचारावंसं वाटतं. त्याला आई होती का? सिनेमात सांगितलं असेल तर माझ्या कानावर आलं नाही."

हे कार्ड हिंदुरावांनी तीन-चार वेळा वाचलं. कानावर आलं नाही म्हणजे काय? सिनेमा पाहिला की ऐकला? शिवाय सगळ्याच कार्डांत एक गंमत होती. एक वाक्य शाळेतल्या बाईसारखं नीटनेटकं, तर पुढचं बांधावर बसून बोलल्यासारखं. लिहिणारा माणूस आहे की बाई, तरणा आहे की म्हातारा, काही पत्ता लागत नव्हता. "एक बघणारं माणूस" एवढीच सही. शिक्का मात्र स्पष्ट होता. पळसदेव.

त्या दिवशी हिंदुरावांनी बाराचा खेळ बसून पाहिला. वाईट माणसाच्या आईचा शोध घ्यायला. इंटरवलनंतरच्या पहिल्याच प्रसंगात, त्याच्या मागच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता. फोटोला हार. तो माणूस फोटोकडं बघत नव्हता, पण बाहेर जाताना त्यानं हार सरळ केला. हिंदुरावांना कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं. डोअरकीपरला सांगितलं, तर तो म्हणाला, "आसंल की." सांगायचं ज्याला होतं त्याचा पत्ताच नव्हता.

मग त्यांनी एक केलं. टॉकीजच्या दारात काचेची पेटी होती, तिच्यात येणाऱ्या सिनेमाचे फोटो लावलेले असायचे. फोटो थोडे सरकवून त्यांनी ती तिन्ही कार्डं टाचण्यांनी लावली. विचारायला कुणी नव्हतंच. मालक पुण्यात असायचे. आणि खरं तर घरोघरी केबल आल्यापासून त्या पेटीपुढं थांबतंय कोण, असं हिंदुरावांना वाटत होतं.

पण लोक थांबायला लागले. कॉलेजची मुलं कार्डं मोठ्यानं वाचायची. भाजी घेऊन परतणाऱ्या बायका वाचायच्या आणि चुलीच्या मुद्द्यावर माना हलवायच्या. एक रिटायर्ड तलाठी रोज सकाळी येऊन नवं काही आलंय का बघून जायचे. काहीजण तर कार्ड वाचून आत शिरले, कोकराचे कान बघायला, आणि सिनेमा बदललाय हे कळल्यावर नाराज झाले.

असं दोन महिने चाललं. नवरात्राच्या आधी धरणाचा एक सिनेमा लागला. त्यात एक गाव बुडतं असा प्रसंग होता. विजा चमकत होत्या, माणसं किंचाळत पळत होती, नायिका छपरावर चढून नायकाला हाका मारत होती. त्या आठवड्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं, पत्त्यापुरती जागा सोडून.

"आमचं गाव पाण्यात गेलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. पाणी रोज हातभर चढायचं. दिसायचं सगळ्यांना. माणसांनी आपल्या हातानं दाराच्या चौकटी काढल्या आणि गाडीत घातल्या. एकीनं जातं उचलायला चौघं बोलावली आणि चौघांना गूळ दिला. शेवटी देवळाच्या शिखरावर एक बगळा बसलेला दिसला, मग तोही उडाला. असं दाखवलं तर बघणाऱ्याला कंटाळा येईल का? मला येणार नाही. आणि पाण्याचा आवाज फार मोठा दिला आहे. गाव बुडवणारं पाणी आवाज करत नाही. नायिका चांगली आहे. तिला छपरावर चढवायला नको होतं, गुडघ्याला लागलं असेल."

हे कार्ड कुणी मोठ्यानं वाचलं नाही. लोक आपापलं वाचायचे आणि पुढं जायचे. शनिवारी सकाळी हिंदुराव दारातच उभे होते, तेव्हा एक तिशीचा गडी ट्रॅक्टरचा कसलासा पार्ट पिशवीत घालून पेटीपुढं थांबला. वाचता वाचता तो हसला.

"हे तर आमच्या पोस्टातल्या बाईंचं अक्षर हाय."

हिंदुराव दोन पावलांत त्याच्यापाशी गेले. "कोण बाई?"

"मेघनाबाई. पळसदेवच्या पोस्टमास्तर. माझं पासबुक बी ह्याच अक्षरात हाय." त्यानं बोट काचेवर टेकवलं. "ह्यो बघा ळ. चिंचोका चिकटवल्यागत. असा ळ दुसरं कोण काढत न्हाय."

"म्हंजे त्या हितं सिनेमाला येतात? दर आठवड्याला?"

खरं तर हिंदुरावांना नुसती उत्सुकता होती. पण प्रश्न ऐकून त्या गड्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आसं व्हय," तो म्हणाला. "न्हाईतर कार्डं कशी लिवतील?" आणि पिशवी खांद्याला लावून स्टँडच्या दिशेनं गेला. त्याचं नाव बिरदेव, हे हिंदुरावांना नंतर कळलं.

पुढच्या बुधवारी कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. तलाठी दोनदा येऊन विचारून गेले. पुढच्या सोमवारी सकाळी हिंदुरावांनी बाराच्या खेळाची खिडकी डोअरकीपरच्या हवाली केली आणि पुण्याच्या एसटीत बसले.

पळसदेवच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी हॉटेलात पोस्टाची वाट विचारली. बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"शिनेमावाल्या बाईंकडं व्हय?" एकजण म्हणाला.

"का? काय झालं?"

"काय न्हाय. त्या हप्त्याला इंदापूरला शिनेमा बघत्यात, एकट्या. आन् हितं पोस्टाला कुलूप. लोकं अर्ज करणार हायती वरती."

"कुलूप असतं का?"

"आमी काय बघाय जातोय. बिरदेव म्हनला."

बिरदेव म्हणजे ट्रॅक्टरचा पार्ट घेऊन आलेला तो गडी, हे हिंदुरावांच्या लक्षात आलं. बिरदेवच्या तोंडात ते वाक्य कुणी घातलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पोस्ट म्हणजे एका बैठ्या घराची पुढची खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याच्या खाली लाल टपालपेटी, एक टेबल, वजनाचा काटा. टेबलामागं पस्तिशीच्या आतली एक बाई शिक्के मारत होती. मागच्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड कुणीतरी कुणाला पेज भरवत असल्याचा आवाज येत होता.

"दहा कार्डं द्या," हिंदुराव म्हणाले.

तिनं कार्डं मोजून दिली. टेबलावर एक अर्धवट लिहिलेला मनीऑर्डरीचा फॉर्म होता. त्यावर पळसदेव लिहिलेलं होतं. चिंचोका चिकटवल्यागत ळ.

"मी भीमाई टॉकीजचा मॅनेजर," ते हळू म्हणाले. "कार्डं तुमचीच ना?"

तिचा हात शिक्क्यावर थांबला. "अक्षर माझं हाय. कार्डं माझी न्हाईत."

"मग कुणाची?"

"टपालात कुणी काय टाकलं हे सांगायचं नसतं. नियम हाय." मग तिनं वर पाहिलं. "तुमी ती दारात लावलीत म्हणं. आमाला वाटलं, तुमी वाचून ठिवत असाल."

"चुकलं माझं. चांगली होती म्हणून लावली. दोन बुधवार झाले, एकही आलं न्हाय, म्हणून आलो."

"कसं येणार? लोक माझ्याकडं कसं बघत्यात ते फाट्यावर कळलंच आसंल तुमाला." तिचा आवाज चढला नाही. "तीन वाजता बॅग गाडीत टाकल्याशिवाय मी ह्या खुर्चीतनं उठत न्हाय. रविवारी आईला एकटं सोडता येत न्हाय, तिला अर्धांगवायू झालाय. तुमच्या टॉकीजचं दार कुठल्या अंगाला हाय ते बी मला म्हाईत न्हाय."

मेघनानं दोन पाकिटांवर शिक्के मारले. मग मान वर न करता तिनं विचारलं, "त्या पेरू खाणाऱ्याला आई व्हती का?"

"होती," हिंदुराव म्हणाले. "भिंतीवर फोटो होता. इंटरवलनंतर लगेच. बाहेर जाताना त्यानं हार सरळ केला."

"हार सरळ केला?" तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला. "मला वाटलंच. मी म्हणलं व्हतं, आसणार." आणि पडद्याकडं वळून ती म्हणाली, "मावशी, व्हती बरं का आई. फोटोत. तुमी नळावर पाणी प्यायला गेलता तवा."

आतून उत्तर यायच्या आधीच दारात सावल्या आल्या. पुढं बिरदेव, मागं फाट्यावरचे ते दोघं. मॅनेजर आलाय हे बिरदेवनं त्या दोघांच्या सांगण्यावरून ओळखलं होतं.

"राम राम मॅनेजर," बिरदेव म्हणाला. "बाईंचा पास आणलाय काय? दर रविवारचा?"

मागचे दोघं हसले. हिंदुराव वळले. "बिरदेव, मी त्या दिवशी तुला विचारलं ते चुकीचं होतं. या बाई टॉकीजला कधी आल्या नाहीत."

"मग शिनेमा काय सपनात बघितला?"

पडदा हलला. साठीला टेकलेली एक उंच बाई हातात पेजेची वाटी घेऊन बाहेर आली. नऊवारीचा काष्टा, कपाळावर मोठं कुंकू, पायांत चालून चालून रुंद झालेल्या वहाणा. बिरदेवचं हसू जागच्या जागी राहिलं, कारण ती त्याची आई होती. रंगुबाई.

"शिनेमा म्या बघते," ती म्हणाली. "ती नुसती लिवती."

रंगुबाईनं वाटी टेबलावर ठेवली, टपालापासून जरा लांब.

"आई," बिरदेव म्हणाला. "तू बाजाराला जाती न्हवं रविवारी?"

"जाते की. बाजार बाराच्या आत उरकतो. गाडी साडेचारला. मधी काय करू?"

"किती दिस चाललंय ह्ये?"

"तुझं लगीन झालं त्या सालापासनं."

"आगं पर तू कधी बोलली न्हाईस."

"तू कधी इच्यारलंस? मासळी स्वस्त हुती का, मिरची आणली का, एवढंच इच्यारतूस." ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "दिवाळीच्या मागं त्यो बैलाचा शिनेमा लागलता. तू दोस्तांसंगं पुढं बसलावतास. म्या मागं बायकांत. बैल मेला तवा तू शर्टानं डोळं पुसलंस. मला बरं वाटलं. पर तुला सांगितलं आसतं तर तू परत कधी रडला नसतास."

फाट्यावरच्या दोघांपैकी एकानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. बिरदेवची मान खाली गेली.

"आता जा," रंगुबाई म्हणाली. "हाटेलात जे बोललास, ते तितंच बस आन् माघारी घे. ह्या दोघांना बी ने."

बिरदेव गेला. हॉटेलात तो काय बोलला ते हिंदुरावांना कधी कळलं नाही. पण पाऊण तासानं तो किटलीतून चहा घेऊन परत आला, मेघनापुढं कप ठेवताना "बाई, चुकलं" एवढंच म्हणाला, आणि ट्रॅक्टर उभा आहे म्हणून थांबला नाही. अर्ज कुणी केला नाही.

चहा पिता पिता हिंदुरावांना सगळी हकीकत कळली. रंगुबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं, पावसाळा संपला की कोकणात उतरायचं आणि वळिवाच्या आधी घाट चढून माघारी यायचं. पाटाचं पाणी आलं, मुलांनी ऊस लावला, मेंढरं विकली आणि तिचं चालणं थांबलं. मेघनाची आई सारजाबाई आणि ती, दोघी जुन्या गावात एकाच वाटेनं पाण्याला जायच्या, घरं लांब लांब असली तरी. सारजाबाईला अर्धांगवायू झाल्यावर रंगुबाई सोमवारी सोमवारी येऊन बसायला लागली. बसायचं तर बोलायचं काय? मग ती आदल्या दिवशीचा सिनेमा सांगायची. पहिल्यापासून, गाण्यांसकट. मेघना पुढच्या खोलीत काम करता करता ऐकायची आणि मधेमधे प्रश्न विचारायची. रंगुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून टॉकीजच्या पेटीपुढची गर्दी तिला सिनेमाच्या फोटोंचीच वाटली होती.

"त्या कोकराचा लई राग आला मला," रंगुबाई म्हणाली. "मेघना म्हणली, मावशी, लिवू का त्यांना? म्हणलं, लिव."

"आणि चुलीचं?"

"ते माझं."

"पेरू?"

"पेरू खाल्ला ते मी सांगितलं. आई व्हती का, ते हिचं. ही लई इच्यारती. मला शिनेमा बघताना आता भ्या वाटतं, ही काय इच्यारंल म्हणून. पडद्यावरच्या घराची दारं बी मोजून ठिवते."

हिंदुराव हसले. म्हणून एका कार्डात दोन माणसं बोलत होती. "आणि पाण्याचं?"

दोघींनी पडद्याकडं पाहिलं. मग पडद्याआडून, अडखळत, ओढून काढल्यासारखा आवाज आला. सारजाबाई बोलत होती. "जातं... माझं व्हतं."

निघताना हिंदुरावांनी विचारलं, "पेटीतली कार्डं काढून टाकू?"

"ऱ्हाऊ द्यात," रंगुबाई म्हणाली. "आता कुणापासनं लपवायचं?"

मेघनाचा भाऊ बुद्धभूषण बारामतीला कॉलेजात शिकवायचा. दिवाळीच्या सुट्टीत तो आला, तेव्हा आईपाशी एक अख्खा रविवार बसायचं त्यानं कबूल केलं. मेघना आणि रंगुबाई एकाच एसटीनं इंदापूरला आल्या. बाजार रंगुबाईनं अकरालाच उरकला.

हिंदुरावांनी त्यांना बायकांच्या बाजूला मधल्या खुर्च्या दिल्या आणि स्वतः मागं भिंतीला टेकून उभे राहिले. मेघनानं टीव्हीवर सिनेमे पाहिले होते, शेजारच्यांच्या घरी, दारात उभं राहून. पडद्यावर नायिकेचं तोंड पहिल्यांदा आलं, भिंतीएवढं, तेव्हा ती खुर्चीत मागं सरकली.

"मावशी, एवढं मोठं असतं तोंड?"

"व्हय."

"तुमी कधी सांगितलं न्हाय."

"मला आता ते मोठं वाटत न्हाय," रंगुबाई म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता.

गोष्ट एका शिक्षकाची होती. दुष्काळी गावात तो येतो, शाळा सुरू करतो, सावकाराशी भांडतो आणि शेवटी मुलीला शहरात शिकायला पाठवून स्वतः तिथंच राहतो. इंटरवलमध्ये दोघी बाहेर आल्या नाहीत. खेळ सुटल्यावर हिंदुराव दारात थांबले होते. त्यांना वाटलं, काहीतरी बोलतील. पण दोघी एकमेकींशीही बोलत नव्हत्या. रंगुबाई पिशवी काखेत मारून पुढं चालली होती, मेघना दोन पावलं मागं, आणि दोघींचे चेहरे असे, की जणू बाजारात भाव तुटला नाही.

बुधवारी दोन कार्डं आली. अक्षर एकच. दोन्हींवर तोच ळ.

पहिल्यावर होतं: "रंगुबाई सांगते: सिनेमा पटला नाही. मास्तर चांगला आहे, पण तो मुलीला एसटीत बसवतो आणि वळूनही बघत नाही. लेकराला गाडीत बसवून कुणी असं उभं राहत नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत माणूस बघतं. आणि दुष्काळी गावात शेळ्या एवढ्या जाड कशा?"

दुसऱ्यावर होतं: "मेघना लिहिते: मावशींचं मी जसंच्या तसं लिहिलं आहे, पण ते मला मान्य नाही. मास्तर वळून बघत नाही, कारण वळला असता तर त्यानं तिला उतरवून घेतलं असतं. माझ्या वडिलांनी मला बारामतीच्या वसतिगृहात सोडलं, तेव्हा तेही वळले नव्हते. मी तेव्हा रागावले होते. शेळ्यांबद्दल मला माहीत नाही."

हिंदुरावांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी लावली. त्या आठवड्यात टॉकीजच्या दारात जेवढी भांडणं झाली, तेवढी सोळा वर्षांत झाली नव्हती. तलाठी रंगुबाईच्या बाजूचे. कॉलेजच्या मुली मेघनाच्या. बिरदेवही एका दुपारी येऊन दोन्ही कार्डं वाचून गेला, आणि कुणी विचारलं तर म्हणाला, शेळ्या जाडच हायत्या.

पुढच्या उन्हाळ्यात सारजाबाई गेली. हिंदुराव पळसदेवला जाऊन आले. उजनीचं पाणी आटलं होतं, आणि लांब गाळात जुनं देऊळ निम्मं उघडं पडलं होतं. पुढं मेघनाला रविवार मोकळे झाले. हिंदुरावांना वाटलं, आता ती दर आठवड्याला येईल. पण ती महिन्यातून एखाद्या वेळी यायची. एकदा त्यांनी विचारलंच.

"काही सिनेमे बघायला येते," ती म्हणाली. "काही मावशींकडनं ऐकलेलेच बरे असतात."

"ते कसं ठरवता?"

तिनं विचार केला. "आधी ऐकते. मग येऊन बघावा का ते ठरवते. दोनदा फसले. मावशींनी सांगितलेला चांगला होता, हितं भलताच निघाला."

हे हिंदुरावांच्या डोक्यात राहिलं. त्या वेळी टॉकीजला एक मारामारीचा सिनेमा लागला होता. रोजचे चार खेळ, आठवडाभर. हिंदुरावांनी तो अख्खा पाहिला होता, एकदा नव्हे, तीनदा, आणि त्यात काही राम नाही हे त्यांचं स्वतःचं मत होतं. हल्ली त्यांना मतं असायची. तरी सोमवारी दुपारी ते पळसदेवला उतरले. बॅग गेली होती. मेघना टेबल आवरत होती, रंगुबाई ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि आणखी तीन-चार बायका मटकी निवडत होत्या. हिंदुराव पायरीवर बसले. कुणी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

"तर त्यो हमाल असतो," रंगुबाई सांगत होती. "दिसाला शंभर पोती उचलतो. पर घरी आल्यावर बायकूनं हंडा दिला तर म्हणतो, हात दुखत्यात. ती काय बोलत न्हाय. नुसती त्याच्या हाताकडं बघती. आन् तितं तिला ती जखम दिसती."

हिंदुरावांनी आठवून पाहिलं. हंडा त्यांना आठवत होता. जखम नव्हती. तीनदा बघून नव्हती. ती खरंच पडद्यावर होती, की रंगुबाईनं आत्ता घातली, हे त्यांना सांगता येईना. बाराचा खेळ उद्या होताच. बघता आलं असतं.

"मग?" ते म्हणाले.